फुंकणी

कळव्याच्या हॉस्पिटलात, तिसऱ्या मजल्यावर
पोरगेल्या डॉक्टरणीनं नाकाला चिमटा लावला
आणि पुठ्ठ्याची नळी तोंडात दिली.
म्हणाली, फुंका मावशी. जोरात. थांबू नका.

मला हसू आलं.
बाई गं, फुंकणीवरच वाढले मी.
ओतूरला आईच्या चुलीपुढं ओल्या लाकडांतून
एका दमात जाळ उठवायचे, सहा वर्षांची असताना.
फुंकले.
पडद्यावर एक रेघ चढली
आणि अर्ध्यातच बसली,
कढईबाहेर काढलेली पुरी बसते तशी.
पुन्हा, म्हणाली.
पुन्हा पुरी बसली.

विडी ओढता? नाही.
मशेरी? थोरल्याच्या वेळी सोडली.
घरात कुणी ओढणारं?
होता एक. त्याला जाऊन अकरा वर्षं झाली.

मग काय ओढता, असं तिनं विचारलं नाही.
रिक्षात बसल्यावर माझं मीच मोजलं.
वागळे इस्टेट, गाळा नऊ.
सकाळी आठला पहिला घाणा.
शेव, कडबोळी, चकली, मग पापडी,
श्रावण सरला की दिवाळीची ऑर्डर, रात्री दहापर्यंत.
कालच्या उरलेल्या तेलात आजचं तेल,
त्यात परवाचंही थोडं असतंच.
बावीस वर्षं.
तेल आधी थरथरतं, मग पातळ निळा धूर सोडतं,
तेव्हा मालक म्हणतात, आता तापलं.
तो निळा पुढं कुठं जातो ते कुणी बघत नाही.
पंखा आहे. म्हणजे पाती आहेत.
वरच्या मजल्यावर कॉम्प्युटरवाले आले,
त्यांच्या एसीत वास शिरला,
तेव्हापासून पंख्याच्या तोंडावर पुठ्ठा.
खाली पाच जणींची नाकं उघडी होती.
धुराला तेवढी वाट पुरली.

चिठ्ठीवर लिहिलं होतं, धुरापासून लांब राहणे.
मालकांनी वाचली, उलटी करून मागंही बघितलं.
वाईट माणूस नाही. चहा मागवला माझ्यासाठी.
म्हणाले, पॅकिंगला बसा, रोजाला साठ कमी पडतील.
साठ गुणिले सव्वीस मला तोंडी येतं.
त्यात धाकट्याची क्लासची फी बसते,
नाहीतर निळ्या टोपीचा पंप,
डॉक्टरणीनं लिहून दिलेला.

माझ्या जागी मुरबाडची सुगंधा आली. एकोणीसची.
तिला सांगत होते,
तेल उतरलं की वासावरून ओळखायचं,
आणि बोलता बोलता कळलं, मला वास येत नाही.
कधी गेला ठाऊक नाही.
तीन-चार दिवाळ्या मी नुसत्या कानांनी तळल्या.
चकली कच्ची असते तोवर बडबडते.
झाली की गप्प होते.

मग मी तिला दुसरंच शिकवलं.
जेवणाच्या सुट्टीत, मालक बँकेत गेलेले,
कढई निवलेली,
चौघींनी मिळून भट्टी ओढली
दाराकडं, चार हात.
मागं फरशीवर काळा चौकोन राहिला,
त्याच्यावर पाय द्यायला कुणी धजेना.
पुठ्ठा मीच काढला, स्टुलावर चढून,
आणि उतरल्यावर बेसनाच्या पोत्यावर
कितीतरी वेळ धापा टाकत बसले.
मालक आले. म्हणाले, रस्त्यावरनं दिसतं हे गिऱ्हाइकाला.
म्हटलं, दिसू दे.
चार वाजता वरून फोन आला. पुठ्ठा परत लागला.
भट्टी अजून दाराशीच आहे.
आजपर्यंत तरी.

संध्याकाळी बसस्टॉपपर्यंत
गल्लीतली दोन कुत्री माझ्या मागं यायची, पदर हुंगत,
एक लंगडं, एक पांढऱ्या कानाचं.
हल्ली ती सुगंधाच्या मागं जातात.
मी पिशवीतला शेवेचा चुरा टाकते.
थांबून खातात,
आणि ती कोपऱ्यावर दिसेनाशी व्हायच्या आत
धावत तिला गाठतात.